‘लगत’ म्हणजे किती फूट?

आप्पांनी टेबलावर ठेवलेल्या नोटिशीत एका शब्दाखाली निळ्या पेनाने दोन रेघा ओढलेल्या होत्या. शब्द होता ‘परिसरात’. ‘सदर वाळूगटाच्या परिसरात जमाव जमवून वाहतुकीस अडथळा केल्यास आपणास जबाबदार धरून...’ वगैरे. वाळूगट म्हणजे नदीपात्रातला वाळू उपशासाठी लिलावात दिलेला तुकडा. बाकी मजकूर ठरलेला, नाव-गाव भरायला ठिपके सोडलेला. आप्पा खुर्चीत बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "वकीलसाहेब, परिसर म्हंजे किती? मी मोटारी भरस, माले फुटमा सांगा."

मला फुटांत सांगता आलं नाही. वर्ष उलटून गेलं, खटला सुरू आहे, साक्षी झाल्या, तरी अजून आलेलं नाही. हे प्रकरण लिहून काढतोय ते त्यासाठीच. आंदोलनाचा हक्क म्हटलं की आपण थेट संविधानाच्या १९व्या अनुच्छेदापाशी जाऊन उभे राहतो. तालुका कोर्टात मात्र तो हक्क पंचनाम्यातल्या एखाद्या शब्दापाशी अडतो किंवा सुटतो.

आप्पा हे त्यांचं नाव नव्हे. आमच्याकडे साठी ओलांडलेला निम्मा पुरुषवर्ग आप्पाच असतो. खटला चालू असल्यामुळे गाव, तालुका, पोलीस ठाणं काही सांगत नाही. जळगाव जिल्हा, गिरणाकाठ, एवढं पुरे.

आप्पांचं मोटार भरायचं दुकान. जळालेली मोटार यायची, आप्पा काळी पडलेली तार काढायचे, नवी तांब्याची तार भरायचे, वार्निश लावून उन्हात ठेवायचे. प्रत्येक मोटारीची नोंद एका लांबट वहीत: कोणाची, किती हॉर्सपॉवरची, विहिरीत किती पाइपांवर सोडलेली, कशाने जळाली. तिसऱ्या-चौथ्या वहीत त्यांच्या लक्षात आलं की नदीकाठच्या मळ्यांतल्या मोटारी पूर्वी कधीतरी यायच्या, आता दर उन्हाळ्यात येतात, आणि पाइपांचा आकडा वाढत चाललाय. पाणी खाली जातं, मोटार कोरडी फिरते आणि जळते. धंद्याच्या दृष्टीने बघितलं तर आप्पांची चांदीच. पण वहीतली गावं नकाशावर लावून बघितल्यावर त्यांना दिसलं की ज्या टापूत वाळू उपसली गेली त्याच टापूतले पाइप वाढलेत.

यात गूढ काही नाही. गिरणा आता बारमाही वाहत नाही. पांझणच्या धरणातून आवर्तन सुटतं, तेव्हा चार दिवस पात्र ओलं होतं. वाळू असेल तर ती पाणी धरून ठेवते, हळूहळू काठच्या विहिरींना देते. वाळू गेली की खाली उरतो खडक नाही तर चिकण थर, आणि सुटलेलं पाणी त्यावरून घसरून पुढे निघून जातं. आप्पा हे शाळेच्या पोरांना दुकानातला स्पंज आणि लोखंडी पत्रा घेऊन दाखवायचे. ‘पर्यावरणवादी’ हा शब्द त्यांनी स्वतःबद्दल कधी वापरला नाही. पेपरवाल्यांनी तो त्यांना चिकटवला, आणि पोलिसांच्या कागदात तो ‘तथाकथित पर्यावरणप्रेमी’ असा उतरला.

२०१७ ला लोकांनी त्यांना पंचायत समितीवर पाठवलं. पक्ष कुठला ते सांगत नाही, त्याने काही फरक पडला नाही. पाच वर्षांत दर मासिक सभेत आप्पा वाळूचा विषय काढायचे आणि दर सभेत त्यांना तेच उत्तर मिळायचं: वाळू हा महसूलचा विषय, समितीच्या कक्षेत येत नाही. खरंच येत नाही. वाळूवर अधिकार तहसीलदारांचा आणि त्यांच्या वरच्यांचा. जमीन महसूल संहितेच्या ४८व्या कलमात बेकायदा उपशाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे, वाहन जप्त करायची सोय आहे. त्या दंडाची पावती फाडायचा अधिकार पंचायत समितीच्या सदस्याला नाही. पदाने आप्पांना दिलं ते लेटरहेड. त्या लेटरहेडवर अर्ज गेला की तहसिलात चहा यायचा. २०२२ च्या मार्चात मुदत संपली, जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांवर प्रशासक आले आणि आप्पा ‘माजी’ झाले. उरलेल्या लेटरहेडवर त्यांनी पेनाने ‘माजी’ लिहायला सुरुवात केली. चहा बंद झाला.

एक गोष्ट मला या केसमध्ये सारखी टोचते. पदावर असताना आप्पा बोलले की लोक म्हणायचे, स्टंट आहे, पुढची निवडणूक दिसतेय. पद गेल्यावर बोलले की, आता यांना काय अधिकार? लोकप्रतिनिधी म्हणून आंदोलन करायचं तर ते राजकारण, आणि नागरिक म्हणून करायचं तर ‘तुम्ही कोण?’ आप्पांवरच्या फिर्यादीत दोन्ही वाक्यं एकाच परिच्छेदात आहेत: ‘आरोपी क्र. १ हा माजी सदस्य असून राजकीय हेतूने...’ आणि दोन ओळींनी, ‘त्याचा सदर लिलावाशी कोणताही संबंध नसताना...’

आता घटना. जानेवारी २०२५. आदल्या दिवशी नोटीस मिळाली, ती घेऊन आप्पा माझ्याकडे आले, तोच वर सांगितलेला प्रसंग. मी त्यांना सांगितलं, रस्त्यावर बसू नका, कडेला बसा. गाव ते नदी अशी पांदण आहे, एका अंगाला पिंपळ. पिंपळाखाली बसा, ट्रॅक्टरला वाट सोडा, मग कोणी काही करू शकणार नाही. सकाळी चाळीसेक माणसं जमली, त्यात अकरा बाया, भजनी मंडळाचे टाळ, एक पखवाज. पिंपळाखाली एवढी जागा नव्हती. मागे आलेले पुढे सरकले, पुढचे रस्त्यात आले. तीन ट्रॅक्टर आणि एक डंपर थांबला. अकराच्या सुमारास पोलीस आले. साहेब सभ्य होते, हे आप्पाही सांगतात. "आप्पा, उठा, परिसर सोडा," एवढंच म्हणाले. आप्पा उठले आणि म्हणाले, "साहेब, रेघ कोठे शे ते दखाडा, मी तिना आल्याड उभा ऱ्हासू."

रेघ कोणीच दाखवली नाही. नऊ जणांना गाडीत घातलं, संध्याकाळी सोडलं. पुढे दोषारोपपत्र आलं: भारतीय न्याय संहितेचं २२३, म्हणजे जुन्या दंडसंहितेचं १८८, सरकारी नोकराचा आदेश मोडणे, १२६(२), म्हणजे जुनं ३४१, वाट अडवणे, आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियम कलम ३७(१)(३) सह १३५. जुन्या ३५३च्या भानगडीतून आप्पा वाचले, कारण कोणी कोणाच्या अंगाला हात लावला नव्हता. आंदोलनाच्या केसेस करणाऱ्या प्रत्येक वकिलाला ठाऊक असतं की सरकारी नोकरावर बळ वापरल्याचं कलम आत आलं की जामिनापासूनच सगळं बदलतं. टाळ वाजवणाऱ्या हातांचं हे एक बरं असतं.

समोरच्याची बाजूही सांगायला हवी. तो वाळूगट बेकायदा नव्हता. रीतसर लिलाव झालेला, ठेकेदाराने पैसे भरलेले, पर्यावरण मंजुरी होती. त्याची वाहनं अडली तर त्याचं नुकसान आहे आणि वाट अडवायचा हक्क संविधान कोणाला देत नाही. दिल्लीतल्या शाहीनबागच्या धरण्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २०२० ला सांगितलंच आहे की सार्वजनिक रस्ता बेमुदत ताब्यात ठेवता येणार नाही. आप्पांचं बसणं दीड तासाचं होतं, बेमुदत नव्हतं, हे मी मांडीन. पण १२६(२) आमच्या अंगाला चिकटू शकतं, हे मी त्यांना पहिल्या दिवशीच सांगितलं. एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. आप्पा म्हणाले, दंड भरेन, पण आधी दुसरं बघा.

दुसरं म्हणजे त्यांची मूळ तक्रार. गट कायदेशीर आहे, उपसा गटाच्या बाहेर होतोय. आणि हे सिद्ध करायला गेलं की गंमत सुरू होते. गावच्या नकाशात शेताला गट नंबर असतो, नदीच्या पात्राला नसतो. पात्र म्हणजे नकाशावरची दोन वाकड्या रेघांमधली कोरी पट्टी. म्हणून लिलावाच्या कागदात वाळूगटाची जागा लिहितात ती काठावरच्या शेतांवरून: ‘गट नं. अमुक ते अमुक लगत’. लगत म्हणजे किती? पात्रात किती आत? समोरच्या काठापर्यंत की मधल्या धारेपर्यंत? मंजुरीच्या कागदात लांबी-रुंदी असते, कोपऱ्यांवर खांब रोवून सीमांकन करायचं असतं. खांब रोवले असतीलही. एक पूर आला की खांब कुठे आणि गट कुठे.

तर ठेकेदाराची हद्द ‘लगत’ या शब्दावर, आणि आप्पांवरची बंदी ‘परिसर’ या शब्दावर. दोन्ही रबरी. फरक एवढाच की पहिला शब्द ताणला तर वाळू जास्त मिळते आणि दुसरा ताणला तर माणूस आत जातो.

कलम ३७ बद्दल थोडं थांबून सांगतो, कारण महाराष्ट्रात राहणाऱ्या माणसाने हे कलम रोज पेपरात वाचलेलं असतं आणि कधीच वाचलेलं नसतं. ‘जिल्ह्यात ३७(१)(३) लागू’ ही चार ओळींची बातमी. पहिल्या पोटकलमात शस्त्रं, काठ्या, दगड बाळगायला बंदी घालता येते, पण त्याच यादीत प्रतिमा मिरवणं, जाहीरपणे घोषणा देणं, गाणी म्हणणं, वाद्यं वाजवणं हेही आहे. तिसऱ्यात जमाव आणि मिरवणूक. असा आदेश शासनाच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. कायदा करणाऱ्याने ही मुदत घातली ती बंदी ही अपवादाची गोष्ट आहे म्हणून. झालं असं की पंधरा दिवस संपले की पुढचे पंधरा. सण, निवडणूक, परीक्षा, जयंती, कारण कोणतंही चालतं. एका वर्षाची पेपरातली कात्रणं आप्पांच्या मुलाने मला आणून दिली. बंदी नसलेले दिवस शोधायला कॅलेंडर घेऊन बसावं लागलं. म्हणजे आमच्या जिल्ह्यात भजनाचा कार्यक्रम हाही कागदोपत्री बहुतेक दिवस गुन्हाच, फक्त कोणी लिहून घेत नाही. ज्याच्याबद्दल लिहून घ्यायचं असतं त्याच्याबद्दलच घेतात.

याच मुद्द्यावर आमच्या हाताशी एक चांगला निकाल आहे. १३ फेब्रुवारी २०२० चा, औरंगाबाद खंडपीठाचा, बीड जिल्ह्यातल्या माजलगावचा. नागरिकत्व कायद्याविरुद्ध धरणं धरायला परवानगी नाकारली होती, आधार हाच, कलम ३७ चा आदेश. खंडपीठाने आदेश रद्द केला. आदेश वरवर सगळ्यांना लागू दिसत असला तरी प्रत्यक्षात तो एका कायद्याविरुद्ध बोलणाऱ्यांसाठीच काढलेला दिसतो आणि हे न्याय्य नाही, असं न्यायमूर्तींनी म्हटलं. शांततेने विरोध करणाऱ्याला देशद्रोही म्हणता येणार नाही, हेही त्यातच आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार ही तिन्ही खान्देशी जिल्ह्यांची अपिलं त्याच खंडपीठाकडे जातात, त्यामुळे हा निकाल आमच्या कोर्टात ‘बघा, असंही झालंय’ म्हणून दाखवायचा नाही, तो बंधनकारक आहे.

दुसरा एक निकाल मी कोर्टात दाखवला नाही आणि दाखवणारही नाही, तो परदेशातला आहे. पण आप्पांना मात्र पूर्ण वाचून, मराठीत सांगितला. दुकानात बसून, एका संध्याकाळी, मोटारीवर वार्निश वाळत असताना.

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला टास्मानिया नावाचं बेट आहे, ते तिथलं एक राज्य. तिथे बॉब ब्राउन नावाचा एक डॉक्टर होता. फ्रँकलिन नदी बुडवणारं एक धरण होणार होतं. १९८२ च्या डिसेंबरात लोकांनी त्या कामाची वाट अडवली, बाराशेच्या वर माणसं अटक झाली. ब्राउन १९ दिवस तुरुंगात होते. ते आत असताना तिथल्या विधानसभेत एक जागा रिकामी झाली. त्यांच्याकडे अशा वेळी पोटनिवडणूक घेत नाहीत, मागच्या निवडणुकीतली मतंच पुन्हा मोजून पुढचा माणूस ठरवतात. तो माणूस ब्राउन निघाले. जानेवारी १९८३ मध्ये तुरुंगातून सुटले आणि दुसऱ्या दिवशी आमदार. (आप्पा इथे मोठ्याने हसले. "आमना आठे उलटं शे," म्हणाले. आमच्याकडे आधी सदस्य, मग अटक.) त्याच वर्षी १ जुलैला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी केंद्राच्या बाजूने निकाल दिला आणि धरण थांबलं. पुढे ब्राउन १९९६ ते २०१२ सिनेटर होते, ग्रीन्स पक्षाचे पहिले राष्ट्रीय नेते.

पण आपल्या कामाचा भाग निवृत्तीनंतरचा आहे. २०१४ मध्ये टास्मानियाने कायदा केला: धंद्याच्या जागेत किंवा तिथे जायच्या वाटेत आंदोलकाने अडथळा केला तर पोलीस त्याला हाकलू शकतात, हाकलल्यावर चार दिवस परत फिरकायचं नाही, नाही तर दहा हजार डॉलरपर्यंत दंड. जानेवारी २०१६ मध्ये लापोइन्या नावाच्या गावाजवळ जंगलतोड चालू होती. ७१ वर्षांचे ब्राउन तिथे कॅमेऱ्यासमोर बोलत होते, पोलिसांनी अटक केली. जेसिका हॉइट नावाच्या एका परिचारिकेलाही तिथेच अटक झाली होती. पुढे दोघांवरचे आरोप टिकले नाहीत, कारण अटकेची जागा कायद्यात म्हटलेल्या धंद्याच्या जागेत मोडते हेच पोलिसांना धड दाखवता येईना.

सामान्य माणूस इथे पेढे वाटून घरी गेला असता. ब्राउन आणि हॉइट मूळ कायद्यालाच आव्हान देऊन वर गेले. १८ ऑक्टोबर २०१७ ला न्यायालयाने बहुमताने त्या कायद्याची मुख्य कलमं उडवली. कारणांमध्ये एक कारण असं की जंगलात ‘धंद्याची जागा’ कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे ना आंदोलकाला कळतं ना पोलिसाला. कारखान्याला भिंत असते, जंगलाला नसते. हद्द कळत नसली की पोलीस चुकून कायदेशीर जागेवरच्या माणसालाही उठवतो, आणि माणूस भीतीने कायदेशीर जागेवरही उभा राहत नाही. आणखी एक बाब: ऑस्ट्रेलियाच्या संविधानात अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं आपल्यासारखं लिखित कलमच नाही. प्रातिनिधिक लोकशाही आहे म्हणजे राजकीय गोष्टींवर बोलायची मुभा त्यात आलीच, असा अर्थ न्यायालयाने काढलेला आहे, त्याच्या जोरावर हा निकाल. आपल्याकडे ते १९(१)(क) आणि (ख) मध्ये छापलेलं आहे.

आप्पांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, मग आता तिथे आंदोलन करता येतं? पूर्ण खरं सांगायचं तर टास्मानियाने २०२२ मध्ये नव्या शब्दांत नवा कायदा केला आणि त्याच वर्षी ब्राउन पुन्हा अटक झाले. खुर्चीच्या आधीही अटक, खुर्ची गेल्यावरही.

१८ ऑक्टोबर ही तारीख खान्देशातल्या माणसाला दुसऱ्याच कारणासाठी आठवते. २००० साली याच तारखेला सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाचं काम पुढे न्यायला मोकळीक दिली. न्यायमूर्ती भरुचांचं मत वेगळं होतं. महाराष्ट्रातली बुडितातली ३३ गावं सगळी आत्ताच्या नंदुरबार जिल्ह्यातली, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. मणिबेली त्यांतलं पहिलं. जागतिक बँकेने मोठ्या धरणांचा पैसा थांबवावा म्हणून १९९४ मध्ये जगभरच्या संघटनांनी जे जाहीरनामापत्र काढलं त्याला या गावाचं नाव आहे, मणिबेली जाहीरनामा. वॉशिंग्टनमध्ये ज्या गावाचं नाव घेतलं जात होतं तिथल्या लोकांना गावातच जमावबंदीला तोंड द्यावं लागत होतं. १९९३ च्या नोव्हेंबरात अक्राणी तालुक्यात पोलिसांच्या गोळीने रेहमल वसावे हा १५ वर्षांचा मुलगा गेला. ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारच्या चौकात इंग्रजांच्या गोळीने गेलेला शिरीषकुमारही १५ वर्षांचाच होता. त्याचं स्मारक गावात आहे, शाळेतल्या प्रत्येक पोराला तो पाठ असतो. रेहमलचं नाव मी एलएल.बी. झाल्यावर पहिल्यांदा ऐकलं. मी जळगावचा, नंदुरबार शंभर-दीडशे किलोमीटरवर.

मेधाताई पाटकर त्या खोऱ्यात १९८५ च्या सुमारास आल्या. निवडणुकीला त्या उभ्या राहिल्या थेट २०१४ मध्ये, आणि त्याही नंदुरबारमधून नाही, मुंबई ईशान्यमधून, आम आदमी पक्षाकडून. पडल्या, आणि पुढच्याच वर्षी पक्षातून बाहेर पडल्या. ब्राउनना आंदोलनाने सभागृहात नेलं, मेधाताईंना नेलं नाही. याचं एक कारण मतमोजणीच्या पद्धतीत आहे असं माझं मत. तिथे एका मतदारसंघातून अनेक आमदार मतांच्या प्रमाणात निवडले जातात, त्यामुळे दहा-पंधरा टक्क्यांच्या विचाराचा माणूसही आत जातो. आपल्याकडे पहिला येईल तोच. नदीसाठी भांडणारा माणूस पहिला येणं कठीण, कारण नदीला लागून गावं मोजकी असतात आणि वाळू लागते सगळ्यांना. आप्पा पंचायत समितीला निवडून आले, कारण गण, म्हणजे तिथला मतदारसंघ, लहान आणि निम्मी गावं काठावरची. जिल्हा परिषदेला ते उभे राहिले असते तर पडले असते, हे त्यांनाही कबूल आहे.

आता कोर्ट. २२३ पहिल्या फेरीत गेलं. सरकारी नोकराचा आदेश मोडल्याच्या गुन्ह्याची दखल कोर्टाने घ्यायची तर त्या नोकराची स्वतःची लेखी तक्रार लागते, पूर्वी फौजदारी संहितेचं १९५, आता नागरिक सुरक्षा संहितेचं २१५. पोलिसांनी आपलंच दोषारोपपत्र पाठवलं होतं. ही चूक राज्यभर होते, सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मुनियप्पन प्रकरणात सांगूनही होते. मी अर्ज दिला, सरकारी वकिलांनी फारसा विरोध केला नाही.

मग कलम ३७. आदेश ‘जाहीर रीतीने प्रसिद्ध’ केलेला हवा किंवा त्या माणसाला उद्देशून हवा. गावात दवंडी दिली होती का, चावडीवर कागद लावला होता का? पोलीस पाटील साक्षीला आले, म्हणाले, व्हॉट्सॲपवर टाकला होता. कोणत्या ग्रुपवर? ‘गाव विकास’ ग्रुपवर. आप्पा त्या ग्रुपवर आहेत का? नाहीत, त्यांच्याकडे बटणांचा फोन. कोर्टात हसू झालं. मला मात्र हा मुद्दा वाटतो तितका पक्का वाटत नाही, कारण आदल्या दिवशीची नोटीस आप्पांच्या हातात होतीच आणि त्यात त्या आदेशाचा उल्लेख आहे. निळ्या पेनाच्या दोन रेघा मारलेली ती नोटीस माझ्याच फायलीत आहे.

राहिली जागा. पंचनाम्यात लिहिलंय: ‘घटनास्थळ, गाव ते नदी रस्ता, वाळूगटालगत.’ पुन्हा लगत. पंचनामा लिहिणाऱ्या हवालदारांना उलटतपासात विचारलं, पिंपळापासून वाळूगटाची हद्द किती अंतरावर? "असंल शंभर-दीडशे मीटर." पुढच्या तारखेला महसूलचे साक्षीदार आले, त्यांना तोच प्रश्न. ते म्हणाले, "अर्धा किलोमीटर तरी असेल." दोघेही शपथेवर, दोघेही खोटं बोलत नव्हते. एकाने पात्राच्या कडेपासून मोजलं, दुसऱ्याने जिथे आता प्रत्यक्ष उपसा चालतो तिथपासून. हे उत्तर कोर्टाच्या कागदावर आलं तेव्हा आप्पांनी मागच्या बाकावरून माझ्याकडे बघून मान हलवली. कारण त्या दोन अंतरांमधला फरक म्हणजेच त्यांची मूळ तक्रार. पात्राची कड, कागदावरचा गट आणि चालू खड्डा या तीन वेगळ्या जागा आहेत, हे सरकारच्याच दोन साक्षीदारांनी मिळून सांगून टाकलं होतं.

मध्यंतरी एका कार्यकर्त्याने आप्पांना सुचवलं की राजकीय-सामाजिक आंदोलनातले खटले मागे घेण्याचे शासन निर्णय अधूनमधून निघतात, यादीत नाव घालून घ्या. जीवितहानी नसावी, नुकसान ठरलेल्या रकमेच्या आत असावं, अमुक तारखेपर्यंत दोषारोपपत्र दाखल असावं, अशा त्यांच्या अटी असतात. आजी-माजी आमदार-खासदारांचे खटले असे मागे घ्यायला ऑगस्ट २०२१ पासून उच्च न्यायालयाची परवानगी लागते. पंचायत समितीचा माजी सदस्य त्यात बसत नाही, तेव्हा आप्पांचं काम सोपं होतं. शिवाय पुढच्या निवडणुकीच्या शपथपत्रात प्रलंबित गुन्ह्यांच्या रकान्यात काही लिहावं लागलं नसतं. माझाही सल्ला तोच होता, वकील म्हणून दुसरा देता येत नाही. आप्पांनी नाही म्हटलं. खटला मागे घेतला तर रेघ कुठे होती ते कोणीच लिहून देणार नाही, असं त्यांचं म्हणणं. ब्राउनची गोष्ट सांगून मीच ही पीडा मागे लावून घेतली, असं माझी बायको म्हणते. इतर आठ आरोपींपैकी तिघांना मात्र खटला मागे घेतला जायला हवाय. एकाच्या मुलाचं पोलीस भरतीचं चाललंय, बापावरची केस आडवी येईल ही त्याला भीती आहे. येत नाही, असं मी समजावलं, पण भीती ही कागदावर चालत नाही. त्या तिघांचं आणि आप्पांचं आता फारसं बोलणं नाही. आंदोलनाच्या हक्काची ही किंमत कुठल्याच निकालपत्रात छापलेली नसते.

मागच्या रविवारी मी आणि आप्पा जागेवर गेलो. पुढच्या तारखेला नकाशा दाखल करायचा होता, तर एकदा स्वतः मोजून घेऊ म्हटलं. आप्पांनी दुकानातला शंभर फुटी फिता आणला होता. पिंपळाच्या बुंध्याला त्यांनी खिळ्याने कडी अडकवली, मी फिता ओढत पुढे निघालो. शंभर झाले की तिथे दगड ठेवायचा, पुन्हा शंभर. पांदण संपली, दरड उतरली, पात्र लागलं. सहा दगड झाले. पुढे ट्रॅक्टरच्या चाकांनी वाळू उलटीपालटी झालेली, मध्ये कमरेइतका खड्डा, त्यात हिरवं पाणी. सीमांकनाचा एक सिमेंटचा खांब दिसला. आडवा पडलेला, पाण्याने कुठून आणला कोण जाणे. मी फित्याचं टोक हातात धरून उभा होतो आणि आप्पा पिंपळापाशी डोळ्यांवर हात धरून ओरडून विचारत होते, "भाऊ, कोठे लावू?"